तांदळात लिहिलेलं नाव

आजच्या समारंभाच्या सन्माननीय अध्यक्षा, व्यासपीठावरील विश्वस्त आणि पाहुणे, सत्कारमूर्ती डॉ. शरयू गर्गे, सर्व डॉक्टर, परिचारिका आणि माझ्यासारखे इथल्या जिन्यांवर हेलपाटे घालणारे नातेवाईक, सर्वांना नमस्कार.

मी उपेंद्र, इंदिरानगरचा, विमा कार्यालयातून निवृत्त. रुग्णांच्या घरच्यांतर्फे दोन शब्द बोला, असं मला सांगितलं गेलं. दोन शब्दांत आटोपणारा मी नव्हे, हे माझ्या बायकोनं सांगितलं असतं. ती वर तिसऱ्या मजल्यावर आहे. दसऱ्याला तिचं हृदय थांबलं. ते पुन्हा सुरू झालं, पण तोवर मेंदूचा प्राणवायू तुटला होता. आता ती सकाळी डोळे उघडते, रात्री मिटते. बोलत नाही, कुणाकडे बघत नाही.

पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा मी पेढे वाटले होते. आठवतं, मॅडम? तुम्ही पेढा घेतलात आणि मला शेजारी बसवलंत. ‘उपेंद्रराव, ही जाग आहे. जाग मेंदूच्या खालच्या भागातून येते. आपण कोण, समोर कोण, हे कळणं वेगळं, ते अजून शोधायचंय.’ इतकं बसून कोण सांगतं हो? नंतर दर आठवड्याला तुम्ही स्वतः शोधलंत. तिच्या चेहऱ्यासमोर आरसा फिरवायचा, नखावर पेन दाबायचं, दोन्ही बाजूंनी नावानं हाक मारायची आणि वाट बघायची. स्वतःच्या नावाइतकं मेंदूला दुसरं काही पटकन भिडत नाही, असं तुम्ही म्हणायचात.

तुम्ही हाक मारलीत, मीही मारली. मृण्मयी, मृण्मयी. काही नाही. गेल्या आठवड्यात तुम्ही निष्कर्ष लिहिलात, जाणिवेची खूण नाही. येत्या सोमवारपासून तिचे व्यायाम, उपचार बंद. नळीतून अन्न घालायचं आणि घरी न्यायचं.

अध्यक्षांची क्षमा मागून आता जरा विषय सोडतो. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितात ना? मला तेव्हा वाचनाचा भारी नाद. लिहिलं, मृण्मयी. माझ्या आईला ते जन्मभर धड म्हणता आलं नाही! बायको सिन्नरहून आली तेव्हा सविता होती. त्या दिवसापासून तिच्या माहेरचेही आमच्यादेखत तिला मृण्मयीताई म्हणू लागले. रीतच तशी. तिचा भाऊ मनोज इथे कितीदा आला, माझ्या मागे उभा राहून अदबीनं ‘मृण्मयीताई’ म्हणून गेला.

आज सकाळी मी इस्त्रीचा सदरा आणायला घरी गेलो, याच भाषणासाठी. मनोज तिच्याजवळ एकटा होता. परतलो तर जिन्यात भेटला. ‘दाजी, मी म्हनलं, सवे, ऊठ गं. तिनं मान वळवली माझ्याकडं. पुन्हा म्हनलं, पुन्हा बघितलं. आईची आन, दाजी.’ तिसऱ्यांदा वळली नाही, हेही त्यानंच सांगितलं. वाढवून सांगणं त्याच्या स्वभावात नाही.

मी धावत वर गेलो. सविता म्हणालो, सवे म्हणालो. ती छताकडे बघत राहिली. माझ्या तोंडून ते नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

मॅडम, दोनदा वळलेली मान हा पुरावा नव्हे, ती नुसती हालचालही असू शकते, हे मला तुम्हीच शिकवलंत. मान्य. पण आपण सगळ्यांनी तिला मी ठेवलेल्या नावानं तपासलं. आज तुम्ही निवृत्त होताय, उद्यापासून इथे नाही. नवे डॉक्टर तुमचा निष्कर्ष वाचून पुढे जातील. मी कुणाच्या पाया पडू? आमचा सगळा संसार तिच्या डोक्यातून पुसला गेला असेल तर जाऊ दे. मला नाही ओळखलं तरी चालेल. ती आत असेल तर तिला एकटी टाकून देऊ नका हो.

पानं मांडली आहेत, सत्कारमूर्तींना जेवणाआधी उठवणं शोभत नाही, कळतं मला. तरी म्हणतो, मॅडम, आत्ता वर चला. पुन्हा तपासा. मनोज तिच्या उशाशी आहे, तो हाक मारेल.

तुम्ही आमच्यासाठी जे केलंत त्याचे आभार मानायला उभा राहिलो होतो, ते मनापासून मानतो. सभेचा वेळ घेतला, भलतंच बोललो, सगळ्यांनी पोटात घालावं. आणि मॅडम, खोलीत तुम्ही एकट्याच जा. माझ्यादेखत मनोज तिला त्या नावानं हाक मारायचा नाही. मी बाहेर बाकावर बसतो.