मनगटावरचा मुलगा

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. जो आपली नाडी मोजतो, तो आपली काळजी करतो का?

मान हलवायची घाई करू नका! 'हो' म्हणालात तरी फसाल, 'नाही' म्हणालात तरी फसाल. आधी मघाशी इथं काय झालं ते सांगतो. बंडोपंतांनी पेटीवर सूर धरला, माझे डोळे अर्धवट मिटलेले, नमन चाललेलं — आणि पहिल्या रांगेतले वाळिंबेकाका ताडकन उठून उभे! म्हटलं, नमनाला घडाभर तेल झालं म्हणून निघाले की काय? खुणेनं विचारलं, तर मनगट दाखवून म्हणाले, "घड्याळ म्हणालं, फार वेळ बसलात, उठा." अहो, काकूंनी जन्मभर सांगून जो माणूस जागचा हलला नाही, तो घड्याळाच्या एका गुरगुरण्यावर उठला! काकू, हसू नका. तुमचा पराभव झालेला आहे.

दिवसच तसे आलेत. सकाळी उठल्यावर झोप लागली होती का, हे माणूस स्वतःला विचारत नाही; मनगटाला विचारतो. मनगट म्हणालं 'बरी लागली' की मग याला ताजंतवानं वाटायला लागतं! आता तर अंगठ्याही निघाल्यात. आमच्या वेळी अंगठी घालायचे ती शनीसाठी. आता घालतात ती झोपेसाठी. चालायचंच. शनी काय, झोप काय, दोन्ही रुसली की माणूस कामातून गेला.

तर ऐका. देवरुखात त्रिंबकराव मुळ्ये म्हणून एक गृहस्थ. शाळेत मास्तर होते, निवृत्त झालेले. बायको जाऊन काही वर्षं झालेली. घरात एकटे. स्वभाव कसा? ताठ! पडतील, पण काठी मागणार नाहीत. आणि काठी कोणी आपणहून दिली, तर म्हणतील, ही आखूड आहे.

त्यांचा एकुलता मुलगा कौस्तुभ, कोल्हापुरात नोकरीला. मुलगा वाईट नाही हो. कीर्तनात मुलगा म्हटला की तुम्ही लगेच त्याला खलनायक करता! गुणी मुलगा. सकाळी धावायला जातो, भिजवलेल्या बिया खातो, साखरेकडे बघतसुद्धा नाही. सून गौतमी त्याहून हुशार. तिचं दुकानच आहे — पर्यावरणाला न दुखावणाऱ्या वस्तूंचं. बांबूचे ब्रश, मातीच्या बाटल्या, पानांच्या पत्रावळी. त्रिंबकरावांनी माळ्यावरचे तांब्याचे हंडे मोडीत काढले, आणि सुनेनं प्रदर्शनातून तांब्याची बाटली आणली. फिरून फिरून भोपळे चौकात म्हणतात ते हेच!

तर या कौस्तुभनं वडिलांच्या वाढदिवसाला मनगटावरचं घड्याळ पाठवलं. नाडी मोजतं, झोप मोजतं, चालणं मोजतं, आणि सगळं कोल्हापुरात मुलाच्या आणि सुनेच्या फोनवर दिसतं. मुलानं बजावलं, बाबा, आंघोळीलासुद्धा काढायचं नाही. त्रिंबकरावांनी ते चढवलं. गावभर मिरवलं. वाण्याकडे गेले, हात पुढे. पोस्टात गेले, हात पुढे. म्हणायचे, मुलगा मनगटावर घेऊन फिरतोय.

आणि मंडळी, इथंच गोम आहे. आधी काय व्हायचं? रोज संध्याकाळी कौस्तुभचा फोन यायचा. कसे आहात, झोप लागली का, औषध घेतलंत का. घड्याळ आलं — आणि फोन थांबला. विचारायचं काय? सगळं दिसतंय की! झोप दिसतेय, नाडी दिसतेय. फोनच्या जागी आता एक पिवळा अंगठा यायला लागला. चित्रातला. बाबा झोपले — अंगठा. बाबा चालले — अंगठा. त्रिंबकराव त्या अंगठ्याकडे बघत बसायचे. आयुष्यभर पोरांना सही करायला शिकवलेला मास्तर, आणि त्याचा स्वतःचा मुलगा अंगठेबहाद्दर निघाला!

एके दिवशी काय झालं, शेजारच्या इंदूवहिनींशी फणसाच्या फांदीवरून वाजलं. फांदी यांची, फणस पडतात तिच्या अंगणात. चांगलंच वाजलं. त्रिंबकराव थरथरत घरात येतात, तोच फोन! "बाबा, काय झालं? नाडी एवढी का वाढली?" किती दिवसांनी आवाज ऐकला पोराचा. त्रिंबकराव म्हणाले, काही नाही रे. आणि मग बराच वेळ बोलत बसले. पावसाबद्दल, आंब्याच्या मोहराबद्दल, काय काय.

फोन ठेवला, आणि मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. नाडी वाढली की मुलगा येतो!

झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फणस. तिसऱ्या दिवशी कुंपण. चौथ्या दिवशी भांडायला कारण सापडेना, तर देवीच्या देवळाच्या पायऱ्या धावत चढले. या वयात! इंदूवहिनी काही कच्च्या गुरूची चेली नव्हे. तिनं ओळखलं. ती माउलीसुद्धा अशी की तिन्हीसांजेला कुंपणाशी येऊन हाक मारायची, "भाऊजी, आज भांडायचं राहिलंय. दूध तापत ठेवलंय, लवकर या." आणि मग दोघं मनापासून भांडायची. असा शेजार मिळायला पुण्याई लागते, मंडळी.

पण घड्याळ कोणाचं? मुलाचं. घड्याळानं काय अनुमान काढलं असेल? ते म्हणालं — तुमचे वडील रोज संध्याकाळी व्यायाम करतात! कौस्तुभ खूश. आता नाडी वाढली की फोन येईना. दोन अंगठे यायला लागले.

त्रिंबकरावांनी मग भांडण सोडलं. इंदूवहिनींना वाईट वाटलं. तिलाही सवय झाली होती.

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण गाठ इथं आहे. त्रिंबकरावांच्या पत्नीची तिथी जवळ आली. आईचं श्राद्ध कोणी करायचं? मुलानं. पहिल्या वर्षी कौस्तुभनं केलं. नंतर त्याला सुट्टी मिळेना, म्हणून त्रिंबकराव स्वतःच करत आले. मुलगा निदान फोन तरी करायचा. यंदा तिथी उद्यावर आली तरी अवाक्षर नाही. इंदूवहिनी म्हणाली, अहो, एक फोन करून आठवण द्या. यावर तो ताठ म्हातारा काय म्हणाला? "वहिनी, आठवण करून द्यावी लागली, तर ती आठवण कसली?"

तिथीचा दिवस उजाडला. तरुण मंडळींसाठी सांगतो, श्राद्धाला सोवळं असतं. आंघोळ करायची, रेशमी मुकटा नेसायचा, आणि मग कार्य होईपर्यंत कोणाला शिवायचं नाही, कशाला शिवायचं नाही. रबरी पट्ट्याचं घड्याळ सोवळ्यात कसं चालेल? त्रिंबकरावांनी ते काढलं. पहिल्यांदाच काढलं. फोन माजघरात, घड्याळ फोनशेजारी, आणि आपण स्वयंपाकघराकडे. मनात कसलाही कावा नाही हं! भांडणं केली ती कावा म्हणून. आज मनात फक्त बायको होती.

तिकडे कोल्हापुरात कौस्तुभनं बिया चावता चावता फोन उघडला. वडिलांच्या नावापुढे काय? नाडी — नाही! शून्यसुद्धा नाही. नुसती एक आडवी रेघ.

त्याच्या घशात बी अडकली. फोन लावला. इकडे माजघरात फोन वाजायला लागला. आता गंमत बघा. घरात माणसं कोण? त्रिंबकराव — सोवळ्यात. आठल्ये गुरुजी — सोवळ्यात. इंदूवहिनी वडे तळतेय — तीही सोवळ्यात! तीन माणसं, एक फोन, आणि शिवायचं कोणी? फोन वाजतोय, गुरुजी मंत्र म्हणतायत. गुरुजी आवाज चढवतायत, फोन हटत नाही. शेवटी गुरुजी वैतागून म्हणाले, तो बंद करा. त्रिंबकराव म्हणाले, कसा करू, गुरुजी? तुमच्याच शास्त्रानं हात बांधलेत. वाजून वाजून बिचारा फोन गतप्राण झाला.

कौस्तुभनं इंदूवहिनींना लावला. तिचा फोन तिच्या घरी, उशीखाली. मग त्याला वाटलं, गावातल्या कोणालातरी लावू. आणि मंडळी, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की गावातल्या तिसऱ्या कोणाचा नंबरच आपल्याकडे नाही. वडिलांच्या हृदयाचा प्रत्येक ठोका आहे, पण त्यांच्या दाराची कडी वाजवील असं माणूस नाही! घड्याळवाल्यांच्या मदत केंद्राला लावला. तिथं 'थोडं थांबा' म्हणून सनई लागली.

मग तो निघाला. गाडी आंबा घाटात. डोळ्यांतून पाणी. आणि त्याच्या स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ मध्येच थरथरलं. म्हणतं काय? शाब्बास, आज हृदयाचा उत्तम व्यायाम होतोय! घाटात चाकावरचा हात सोडता येत नाही म्हणून वाचलं ते.

घराशी पोचला. पाहतो तर बाहेर चपलाच चपला. ओसरीवर दोन-तीन माणसं, धोतर नेसलेली, गप्प बसलेली. ती बिचारी जेवायला बोलावलेली, भूक लागली म्हणून गप्प! पण याला काय माहीत? तसाच आत धावला.

आत त्रिंबकराव पाटावर बसलेले. ताठ. हातात दर्भ. खणखणीत.

कौस्तुभ त्यांच्या अंगावर झेपावणार, तोच गुरुजी ओरडले, "शिवू नका!" स्वयंपाकघरातून इंदूवहिनी ओरडली, "शिवू नकोस!" पोरगा हातभर अंतरावर जागच्या जागी थांबला. घामानं निथळतोय. म्हणाला, "बाबा, घड्याळ का काढलंत?"

त्रिंबकरावांनी वर पाहिलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "आज तुझ्या आईची तिथी."

मंडळी, त्या घरात वडे तळल्याचा आवाज तेवढा येत होता. पोराच्या फोनात वडिलांची झोप होती, नाडी होती, चालणं होतं. आईची तिथी नव्हती. तो तिथंच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

आणि मग त्या ताठ म्हाताऱ्यानं काय करावं? दर्भ खाली ठेवला. हात लांब केला. पोराचं मनगट धरलं, आणि ओढून त्याला छातीशी घेतलं. गुरुजी म्हणाले, "अहो त्रिंबकराव, सोवळं!" म्हातारा म्हणाला, "पुन्हा आंघोळ करीन, गुरुजी. विहिरीला पाणी आहे."

अहाहा! विहिरीला पाणी आहे! सोवळं मोडलं तर विहिरीवर भागतं. हे मोडलं असतं, तर कुठल्या पाण्यानं भागणार होतं?

गुरुजी माणूस भला. म्हणाले, मुलाचाच अधिकार आहे, आता तोच बसू दे. बापलेक विहिरीवर गेले. कौस्तुभनं आपलंही घड्याळ काढलं, वडिलांच्या घड्याळाशेजारी ठेवलं, दुसरा मुकटा नेसला — दोनदा सुटला, इंदूवहिनीनं लांबूनच सूचना दिल्या — आणि आईच्या नावानं तीळपाणी सोडलं. यथासांग झालं सगळं.

सगळं? छे! कोल्हापुरात गौतमी आहे ना! ती दुकानात. नवऱ्याचं घड्याळही तिच्या फोनला जोडलेलं. तिनं फोन पाहिला. आधी सासऱ्यांची नाडी गेलेली. आता नवऱ्याचीही गेली! नवऱ्याचा फोन गाडीत राहिलेला. ती माउली दुकान उघडं टाकून, मिळेल त्या गाडीनं निघाली. दिवेलागणीला देवरुखात पोचते, तर दोन्ही मयत मुकटा नेसून ओसरीवर सुपारी कातरतायत!

बोला, रामराया की जय!

आधी रडली, मग दोघांना फैलावर घेतलं, मग तिला भूक लागली. केळीच्या पानावर वडे, खीर, घारगे, आमसुलाची चटणी वाढली. पान संपल्यावर इंदूवहिनीनं ते उचललं आणि गोठ्यात गाईपुढे टाकलं. गाईनं खाल्लं. गौतमी बघतच राहिली. म्हणाली, आमच्या दुकानात याच गोष्टीवर आम्ही व्याख्यान ठेवतो.

आता घड्याळ कुठं आहे? मनगटावरच आहे. टाकून नाही दिलं. मी यंत्रांचा वैरी नाही. हा ध्वनिक्षेपक नसता तर मागच्यांना काय ऐकू आलं असतं? फक्त आता संध्याकाळी फोन येतो. कौस्तुभ नाडी विचारत नाही. आज काय जेवलात, विचारतो. आणि इंदूवहिनीशी भांडण झालं का, तेही विचारतो.

म्हणून प्रश्न तुम्हाला आहे. आईबापांच्या हातात घड्याळ बांधलंत, चांगलं केलंत. पण त्या मनगटाला स्वतःचा हात कधी लावला होतात?

वाळिंबेकाका, पुन्हा उठलात? आता उभेच आहात तर विचारतो. तुम्हाला हे घड्याळ कोणी दिलं? मुलीनं? कुठं असते? बंगळुरात. छान. मग एक काम करा. काढा ते. पाच मिनिटं काढून ठेवा त्या पाटावर, आणि बघूया तिचा फोन येतो का. काढा की! लाजताय काय?

काय म्हणालात? मोठ्यानं सांगा, मागच्यांना ऐकू द्या.

काका म्हणतात — "नको बुवा. काढलं, आणि फोन नाही आला, तर?"

मंडळी, याचं उत्तर पोथीत नाही. ते तुमच्या खिशात आहे. बंडोपंत, पेटी थांबवा जरा. आरतीचं तबक विझू देऊ नका, पण राम काही घाईत नाही. तो वडिलांच्या शब्दाखातर वनात गेलेला आहे, त्याला समजतं. जा, बाहेर ओट्यावर जा, एकेकजण घरी फोन लावून या. मग आपण आरती करू.

आणि काकू, बंगळूरचा नंबर द्या मला. पहिला फोन मी लावतो.