सूनबाईंच्या पाच गुणांचे पेढे

पांडुरंगाच्या चरणी मस्तक ठेवून सांगतो.

आमची सून मुक्ता जर्मनीतल्या बॉबलिंगेन गावच्या महिला अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक आहे, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवते. हरलेल्या सामन्यानंतर प्रेक्षकांनी मोबाइलवर तिला सहापैकी पाच गुण दिले. मी हर्षभराने नैवेद्याचे पेढे मैदानातच वाटले.

मुक्ता हळूच म्हणाली, “अहो बाबा, इथे एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे नापास. मी संघ सोडतेय.”

तेवढ्यात पेढा चघळत एक जर्मन गृहस्थ तिला त्यांच्या भाषेत म्हणाले, “पाच योग्यच होते.” मुक्तानेच मला त्याचा अर्थ सांगितला.

मी म्हणालो, “यांना सांग, वाटलेला प्रसाद मी परत घेत नाही. आणि माझी सून पुढचा सामनाही खेळणार आहे.”

ते तिला स्वतःच्याच तोंडाने जर्मनमध्ये सांगावे लागले. सांगून झाल्यावर माघार घेणे तिच्या स्वभावात नाही.

तुम्हा सर्वांच्या घरी देव असाच हट्ट आणि असाच गोडवा नांदवो.