सेल्वीअक्काचा कोबा

डुकरांचं नाव काढलं की तुम्ही हसता, म्हणून हे आजवर सांगितलं नाही. कुंभकोणमजवळ आडुतुरैला सेल्वीअक्का डुकरं पाळते. "मातीत घाण राहते, सिमेंटचा कोबा करून घ्या," असं मीच, तिच्या जनावरांच्या डॉक्टरनं, सांगितलं. तिनं केला. त्या ओल्या, खरखरीत कोब्यावर तिच्या लाडक्या डुकरिणीचे खूर झिजले, भेगा पडल्या, पू हाडापर्यंत गेला. ती उठेचना. शेवटी मीच इंजेक्शन देऊन तिला कायमचं निजवलं. अक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आता शिव्या घालेल, असं वाटलं. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "डॉक्टर, बाकीच्यांना कुठं ठेवू? तुम्ही सांगाल तसं करते."