चिंगीला हाक

(प्राण्यांच्या उद्यानात, हरणांच्या जाळीपाशी. नऊ वर्षांची सुमेधा, तिचे आजोबा अण्णासाहेब आणि रखवालदार कचरू.)

सुमेधा : मंग मी हाक मारली तर चिंगी येईल ना, आजोबा? बाटलीनं शेळीचं दूध मीच पाजायची तिला.

अण्णासाहेब : तिला इथं सोडून दोन वर्षं झाली, बाळा. हरणाला किती आठवतं, मला ठाऊक नाही. कचरूला विचार.

कचरू : मंठ्याहून आल्ती ती का, कानाला खाच असलेली? ती काय, बाभळीखाली.

सुमेधा : बाकीच्या तिकडं चरून राह्यल्या. ही एकटीच का?

कचरू : हळू बोल. हितं गवतात पाह्य. मातीचं ढेकूळ दिसतं का?

सुमेधा : दिसतं. ... ढेकळाला कान हायेत.

कचरू : चिंगीचं पाडस हाये. चार दिवसांचं.

सुमेधा : एकटं का टाकलं? आजोबा, चिंगी पण अशीच सापडल्ती ना आपल्या तुरीत? आईनं टाकून दिलेली.

कचरू : टाकत न्हाई गं. एवढ्याशा पिलाला वास नसल्यासारखाच असतो. आई जवळ थांबली, तर तिच्या वासानं कोल्हा बराबर येतो. म्हणून ती लांब उभी राहती. दूध पाजायपुरती येती.

सुमेधा : रोज येते?

कचरू : रोज. दोन-तीन बार.

सुमेधा : आजोबा, आपण तुरीत किती वेळ थांबलो होतो?

अण्णासाहेब : थांबलो नाही. उपरण्यात गुंडाळली आणि घरी आणली.

सुमेधा : मंग तिची आई आली असंल.

अण्णासाहेब : आली असेल.

सुमेधा : तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?

अण्णासाहेब : नव्हतं. एकतीस वर्षं वर्गात सांगितलं, माहीत नसलं की विचारावं. त्या दिवशी मीच कुणाला विचारलं नाही.

सुमेधा : मी तर निबंधात लिहिलं, आजोबांनी हरीण वाचवलं. दहापैकी नऊ पडले.

अण्णासाहेब : पुन्हा लिही. आज कळलं तसं.

सुमेधा : तुमचं नाव घालून?

अण्णासाहेब : घालून.

कचरू : जाऊ द्या, गुरुजी. जीव तर लावला ना तुम्ही. पोरी, मार आता हाक. पाहू वळखती का.

सुमेधा : कचरूकाका, आपण इथं उभे हावोत तवर ती पिलापाशी येईल?

कचरू : बिलकुल न्हाई. आपल्याकडंच पाहून राह्यली ती.

सुमेधा : आजोबा, चला. तिकडं फाटकापाशी माझ्या आईनं जेवणाचा डबा सोडला असंल.

अण्णासाहेब : आणि हाक? सकाळपासून बसमध्ये तेच चाललं होतं तुझं.

सुमेधा : हळू चाला. तुमची चप्पल वाजते.