ताकद भागिले वजन

अहो, भागाकार मला येत नाही असं नाही, शाळेत पैकीच्या पैकी होते, पण आता मलाच भागायला घेतलंय त्याचं काय! तुम्हाला सांगतो, आमच्या सायकल क्लबात दोन गट, एक टेकडी चढणारा, दुसरा तळ्याभोवती सपाट रस्त्यावर फिरणारा, आणि टेकडीवाल्यांत मी कायम शेवटी, म्हणून कोच मला बाजूला घेऊन म्हणतो, "काका, ताकद भागिले वजन! पुढच्या चाचणीत हा आकडा वाढला नाही तर तुम्ही सपाट गटात." काका! मला!

आता वजन भागाकारात खाली, मग ते कमी केलं की आकडा वर, सरळ हिशोब! घंटी काढली, मडगार्ड काढलं, स्टँड काढला... आता सायकल टेकवायला भिंत शोधायची, भिंत नसली की मीच धरून उभा! मग जेवण सोडलं. सकाळी काकडी, दुपारी काकडी, रात्री काकडीची आठवण. बायको म्हणते, "अहो, जिना चढताना धाप लागतेय, दोन घास खा." म्हटलं, तुला नाही कळायचं, ताकद भागिले वजन!

काटा उतरला हो! नाचलो मी! पण पँट आवळायला शिंप्याकडे गेलो, तर तो टेप धरून बघतच राहिला. "साहेब, कंबर होती तेवढीच आहे. मांड्या कुठे गेल्या?" म्हणजे पोट बसलंय ठाण मांडून, आणि ज्यांच्या जिवावर पेडल मारायचं त्याच गेल्या निघून!

चाचणीला पहिल्याच वळणावर डोळ्यांपुढे काजवे. एक बाई मला मागे टाकून गेल्या, फोनवर बोलत... आणि चालत! वर कोच म्हणतो, "काका, वजन घटलं, पण ताकद त्याहून जास्त घटली. आकडा खाली आला!" अरे, मग उपाशी मेलो कशाला मी? आधी सांगायचं नाही? "सांगितलं होतं की. ताकद भागिले वजन."

रडू आलं हो, खरंच. गेलो मुकाट्यानं तळ्यावर, तर सपाट गटात सगळ्यांच्या पुढे कोण? आमचे सासरे! गुडघ्याला पट्टा, हँडलला भाजीची पिशवी. म्हणाले, "या जावईबापू! सावकाश चालवा. दमलात तर सांगा, थांबू आपण."

आणि काय करणार... सांगितलं.