खलास म्हणजे नक्की काय?

...नाही, पण तुम्हीच सांगा, मी वकील आहे का? मी एसीच्या डक्टचा इंजिनियर! पण वर्ल्ड कप जवळ आला, दोह्यातले घरमालक पाहुण्यांसाठी बिल्डिंगा रिकाम्या करायला लागले, तशी आपल्या मंडळानं भाडेकरू मदत योजना काढली, आणि तिची कायद्याची बाजू कुणाच्या गळ्यात? तर मीटिंगमधून जो चहा सांगायला बाहेर गेला होता त्याच्या! परत येतो तर टाळ्या! म्हटलं, कसल्या? "सदानंदराव, अभिनंदन!" वकील गाठायचा, दुभाषा गाठायचा, भाडेकरूला धीर द्यायचा... म्हटलं, ठीक आहे बाबांनो, पण एक लक्षात ठेवा, मी काही करत नाही, मी फक्त को-ऑर्डिनेट करतो!

तर तुम्हाला सांगतो, शुक्रवारची सकाळ, पुढ्यात पोहे, लिंबू पिळायला हात उचललाय... फोन! अल नस्र भागातून जैतूनभाभी. ह्या रत्नागिरीकडच्या, नवरा रियाज स्टेडियमच्या कामगारांची बस चालवतो, मुलगी तसनीम शाळेत. रियाजनं इथं एकट्यानं उमेदीची वर्षं काढली हो, आत्ता कुठे तिघं एका छपराखाली आली होती! आणि फोनवर नुसतं रडणं. "भाऊ, अरबाब आलेला..." अरबाब म्हणजे घरमालक, "मी हात जोडले, म्हटलं पोरीची परीक्षा होऊंदे, मंग काढा भायेर. तर हात असा झटकलान नि काय बोलला ठाव हाय? खलास! माफी मुश्किल!"

खलास! वर माफी मुश्किल! अरे, काळीज आहे का दगड? ह्या बाईनं असा काय गुन्हा केला? आणि भाभी म्हणतात, रियाजनं मायलेकींना गावी धाडायचं ठरवलंय, भांडी बांधून झाली, तसनीम दप्तर आवरतेय. पोहे गेले पोटात, पण लिंबू हातातच! आमची बायको मृणालिनी म्हणते, "अहो, निदान हात धुवा." म्हटलं, हात धुवायला वेळ नाही, मला को-ऑर्डिनेट करायचंय!

चैत्रालीला फोन लावला. आपली नाशिकची पोरगी, इथे कंपनीत वकील. झोपेतच बोलली, "काका, टेक्निकली मला इथल्या कोर्टात उभं राहता येत नाही." म्हटलं, कोर्टात नको गं, जिन्यात उभी राहा! आणि आली हो! ओल्या केसांनी, सुट्टीच्या दिवशी, गाडीत भाडेकराराची कलमं पुटपुटत... कुणाची कोण ती? दुभाषा उमैर उम्म सलालहून निघाला होता, पण वर्ल्ड कपसाठी रस्ते असे खणलेत की काल उजवीकडे असलेलं वळण आज डावीकडे! म्हणाला, "भाई, मैं कहाँ हूँ, मुझे भी नहीं पता." म्हणजे अरबी बोलणारं कुणीच नाही. मी मात्र खंबीर. कारण मी काय करतो? फक्त को-ऑर्डिनेट करतो!

पोचलो तर भाभींच्या दारात गाठोडी, आणि तेवढ्यात अरबाब! पांढरा शुभ्र झगा, हातात माळ, म्हातारा माणूस. चैत्रालीनं इंग्रजीत पहिलं कलम सोडलं, मागून मी हिंदीत गर्जलो, "साहब, ये अन्याय है!" तो बिचारा गाठोड्यांकडेच बघतोय. "ये... सफर? क्यों सफर? मैं बोला खलास! तुम बैठो! माफी मुश्किल!"

"क्यों माफी मुश्किल?" मी तर पेटलोच! "इन का गुनाह क्या है?"

तर चैत्रालीनं माझा दंड असा चिमटला... "काका! माफी मुश्किल म्हणजे काही अडचण नाही! आणि खलास म्हणजे झालं, ठरलं, राहा!"

हसा, हसा! अहो, साइटवर हेच शब्द मी दिवसभर बोलतो! पण जैतूनभाभींच्या तोंडून ते मराठीत आले ना! आणि मराठीत एकदा खलास झालेला माणूस पुन्हा उठतो का?

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "मैं... बच्ची को बाहर?" एवढंच म्हणाला, आणि एक गाठोडं उचलून स्वतः स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. रियाज खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होता, भाभी हसत होत्या का रडत होत्या, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. अरबाबनं सगळ्यांना करक चहा मागवला. उमैर पोचला तेव्हा चहा उरला होता, भाषांतर नव्हतं. खोटं नाही सांगत, परक्या मुलखात कुणी झोपेतून उठून येतं, कुणी गाठोडं परत आत ठेवतं... देवानं आणखी काय द्यायचं? शुक्रन, शुक्रन म्हणत जिना उतरलो.

घरी येतो तर मृणालिनी दारातच. "अहो, आपल्या घरमालकांचा फोन आला होता. म्हणाले, घर खलास."

म्हटलं, अगं, आनंदाची बातमी! पुढे माफी मुश्किल म्हणाले ना?

"नाही. नुसतंच खलास."

...तेव्हा मंडळी, कुणाच्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्या रिकाम्या असतील तर सांगून ठेवा. घाबरू नका, मी काही मागत नाहीये... मी फक्त को-ऑर्डिनेट करतोय!