नदी उतरली आहे

निगिना : खीवा नको, बुखारा नको. मामा, वाळवंट सोडून तुम्हाला दुसरं काही सुचतच नाही का?

बहोदुर : सुचतं. पण या दिवसांत डोंगरातली जी जागा सुचते, तिथल्या चिखलाच्या लोंढ्यांच्या अभ्यासात मी आयुष्य घालवलेलं असतं. मग सुचण्यातली मजा जाते.

निगिना : मला दवाखान्यातल्या नोकरीतून सुट्टी मिळालीय ती आत्ताच. आणि उन्हाळ्यात सियोहदऱ्याच्या खोऱ्यात परदेशी गटांची जत्रा भरते. पावसात तिथे चिटपाखरू नसतं. मला एकटीला हिंडायचंय. गट नको, वाटाड्या नको.

बहोदुर : चिटपाखरू का नसतं, याचा विचार निदान पाखरांनी तरी केलेला दिसतो.

निगिना : रस्ता खुला आहे. जिल्हा कचेरीने जाहीर केलंय.

बहोदुर : कचेरीने जाहीर केलंय, डोंगराला अजून कळवलेलं नाही. त्या कचेरीत मी एकदा दुपारभर बोललो. वरचा उतार सरकतोय, एक दिवस तो नदी अडवील, असं नकाशे लावून सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच शंका विचारली : नदी अडून जे तळं होईल, त्यात नौकाविहार चालेल का?

निगिना : तुम्ही चिडलात की फार सभ्य बोलता. आई म्हणतेच. बरं, तो नान द्या इकडे. कामावर जाताना तिने बजावलंय, घास घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

बहोदुर : घास घेतलास की उरलेला नान भिंतीला टांगायचा आणि परत येऊन संपवायचा. मला ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतो, एवढ्यात घेऊ नकोस.

निगिना : घेतला. बघा, केवढा मोठा! आता परत यावंच लागेल. थांबा, फोन वाजतोय. सावरीमावशी, जिच्या घरी मी उतरणार आहे ना, ती. स्पीकरवर टाकते, म्हणजे तुमचीही खात्री होईल. हं, मावशी!

सावरी : निघालीस का गं पोरी? नीघ, नीघ! काल तुला म्हटलं ना, पाण्याला ओढ फार, पुलापर्यंत वळसा घालावा लागेल? आता काही नको. नदी उतरलीय. सरळ पात्रातून चालत ये.

निगिना : पाऊस थांबला वाटतं?

सावरी : थांबतोय कसला मेला! धो धो चाललाय. पण नदी मात्र सकाळपासनं घोट्याएवढी. खुदाची मेहेरबानी, दुसरं काय!

बहोदुर : फोन इकडे दे.

निगिना : मामा, दोन मिनिटं...

बहोदुर : निगिना. फोन.

सावरी : अगंबाई, प्रोफेसर का? सलाम!

बहोदुर : सलाम, सावरीबाई. पाण्याला वास येतोय का?

सावरी : येतो ना. ओल्या मातीचा. झाडं मुळासकट उपटल्यावर येतो तसा.

बहोदुर : गाव कुठे आहे?

सावरी : जाणार कुठे? नदीत आहे सगळं! डबक्यांत मासे अडकलेत, हातानं धरताहेत. बायका वाहून आलेलं सरपण गोळा करताहेत. आमचे हेही तिकडेच आहेत, पोरासारखे.

बहोदुर : आता नीट ऐका. एवढा पाऊस चालू असताना नदी आपण होऊन उतरत नाही. वर डोंगर तिच्यात कोसळला आहे आणि पाणी त्याच्यामागे तुंबतंय. तो बांध कुणी बांधलेला नाही. तो कुणाला सांगून फुटणार नाही. सगळ्यांना हाका मारा आणि कब्रस्तानाच्या टेकडीवर न्या. आत्ता.

सावरी : पुन्हा कब्रस्तान! अहो, गेल्या वसंतात तुमच्या शब्दाखातर रात्री काढल्या की आम्ही थडग्यांत. सासूबाईंचा खोकला अजून गेला नाही. आणि नदी? वीतभर चढली नाही. तेव्हापासनं पुरुषमाणसं तुम्हाला काय म्हणतात, सांगू? थडग्यांचा चौकीदार!

बहोदुर : म्हणू द्या. त्यांनी उद्याही म्हणावं, एवढीच माझी इच्छा आहे.

सावरी : ...असं नका हो बोलू. बोलावते मी त्यांना. पण तंदूर पेटलाय. पोरीसाठी नान लावलेत आत.

बहोदुर : नान राहू द्या!

सावरी : राहू द्या? जळू द्यायचे? प्रोफेसर, एवढं वाचलंत, आणि पाहुणीचा नान आगीत टाकून जा म्हणता? आमच्या हातून नाही व्हायचं ते पाप. तेवढे काढते आणि निघते.

निगिना : मावशी, मी येत नाहीये! माझ्यासाठी नको थांबूस! ऐकलंस का? मी येत नाही!

सावरी : येत नाही म्हणजे? घरचा घास घेतलास ना?

निगिना : घेतला.

सावरी : मग! येशीलही आणि सुखरूप परत जाशीलही. थांब, फोन ओट्यावर ठेवते, दोन्ही हात लागतात.

बहोदुर : सावरीबाई! सावरीबाई! ...निगिना, तू फोन कानाला लाव, ओरडत राहा. मी माझ्या फोनवरून कचेरी लावतो.

(थोडा वेळ जातो.)

निगिना : उचलला कुणी?

बहोदुर : उचलला. साहेब जेवायला गेलेत. निरोप ठेवा म्हणाले. ठेवला. तिकडे काय ऐकू येतंय?

निगिना : तिने नवऱ्याला हाक मारली. तो हसला, खूप लांबून.

बहोदुर : आणि नदी?

निगिना : नदी ऐकूच येत नाही.

बहोदुर : ती निघाली का?

निगिना : अजून नान काढतेय, मामा. म्हणतेय, प्रोफेसरांना सांग, त्यांच्यासाठीही एक बांधून ठेवते.